कधीतरी लागेल

माळ्यावरची मोडकी छत्री गुपचूप खाली काढायची आणि पिशवीत घालून कॉलेजात न्यायची, एवढंच फाइलकाकांनी त्या सकाळी ठरवलं होतं. एवढ्याशा गोष्टीतून पुढे सासूबाईंची काठी हातची जाईल, स्वयंपाकघराच्या छताला भात चिकटेल आणि घरातल्या बादलीला चिनी मातीची मूठ बसेल, हे कोणी आधी सांगितलं असतं तर त्यांनी छत्रीला हातही लावला नसता. (खरं सांगायचं तर लावला असता. डोक्यात घेतलेली गोष्ट तडीस नेण्याबद्दल त्यांची ख्याती होती, आणि ती ख्याती फारशी चांगली नव्हती.)

फाइलकाका हे त्यांचं वर्गातलं नाव. पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क म्हणून उभी हयात काढलेल्या माणसाने निवृत्तीनंतर पेपर वाचावा, बागेत चक्कर मारावी, दुपारी डुलकी काढावी. यांनी कला महाविद्यालयात नाव घातलं. शिल्प आणि सिरॅमिक्सचा डिप्लोमा. वर्गात बाकी सगळी मुलं त्यांच्या धाकट्या भाच्याच्या वयाची. पहिल्याच दिवशी काकांनी आपल्या मातीच्या गोळ्याला दोरा बांधून त्याला ‘चालू’ अशी चिठ्ठी लावली, उरलेल्या मातीवर ‘प्रलंबित’ अशी लावली, आणि मधल्या सुट्टीच्या आत त्यांचं बारसं होऊन गेलं.

ओळखीच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याची हौस आहे, चालू दे. पण ती हौस नव्हती. जन्मभर काकांनी हाताने जे केलं होतं ते सगळं कपाटात गेलं होतं. शेरा मारायचा, सही करायची, फाइल पुढे सरकवायची, की झालं. आपल्या हातची एक तरी वस्तू चारचौघांत कुठेतरी उभी असावी, येणाऱ्या-जाणाऱ्याने तिच्याकडे बघावं, निदान तिला अडखळावं तरी, असं त्यांना फार वाटायचं.

गेल्या वर्षी त्यांनी पाणघोडा केला होता. मॅडम, म्हणजे त्यांच्या वर्गशिक्षिका, परोपरीने सांगत होत्या की काका, आतून पोकळ करा. पण काका म्हणाले, मी आयुष्यात कधी पोकळ काम केलेलं नाही. भरीव मातीत ओल राहते आणि भट्टी तापली की ती ओल बाहेर यायला वाट शोधते. पाणघोडा फुटला. एकटा फुटला असता तर गोष्ट वेगळी होती. त्याने जाताना वर्गातल्या निम्म्या मुलांच्या कपबश्या सोबत नेल्या. काका नापास झाले आणि बाकीच्यांनी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला.

यंदा शेवटची संधी होती. कॉलेज तिसऱ्यांदा बसू देत नसे, आणि घरीही काकूंनी निक्षून सांगितलं होतं. “पास झालात तर मागची गॅलरी तुमची. तिथे काय चिखल करायचा तो करा. नाही झालात तर उद्यापासून माझ्या भावाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात जाऊन बसायचं. तो कधीपासून माणूस शोधतोय.”

मेहुण्याच्या ऑफिसात फायली होत्या. नुसत्या विचाराने काकांच्या अंगावर काटा आला.

शेवटचं काम मॅडमनी असं दिलं होतं: घरातल्या एका माणसाचं शिल्प करायचं. चेहरा आणि धड भाजलेल्या मातीचं, बाकी सगळं सापडलेल्या वस्तूंचं. विकत काही आणायचं नाही आणि सापडलेली वस्तू म्हणजे घरात कोणालाही नको असलेली वस्तू. मागे एका मुलाने दुकानातून नवे पाने आणून मिठाच्या पाण्यात गंजवले होते, तेव्हापासून कॉलेज सावध झालं होतं.

“परीक्षक घरच्यांनाच समोर बोलावून विचारतात, काका,” मॅडम म्हणाल्या. “एक जरी वस्तू घरात लागत असली तर काम बाद. नंतर माझ्याकडे बघायचं नाही.”

“नको असलेल्या वस्तूंना काय तोटा?” काका म्हणाले. “आमचा माळा भरलाय.”

आणि म्हणून ते त्या सकाळी शिडीवर उभे होते.

“अहो, वर काय करताय?” खालून काकूंचा आवाज आला.

“काही नाही. जरा धूळ झटकतोय.”

“तुम्ही?”

या एका शब्दात सगळं संपलं. काकूंनी शिडी धरली, मान वर केली आणि डावी भुवई उचलली. ती भुवई उचललेली बघून खात्यातले बडे साहेबही, एकदा घरी जेवायला आलेले असताना, अर्धवट राहिलेला विनोद गिळून गप्प बसले होते. काकांनी मुकाट्याने छत्री दाखवली.

“ही नको आहे ना आपल्याला?”

“लागते. तिच्या तारा लागतात.”

“कशाला?”

“मागे मोरी तुंबली तेव्हा कशाने काढलीत?”

“बोटाने.”

“मग? तेव्हा तार हाताशी असती तर बोट घालावं लागलं असतं का?”

काकांनी छत्री बाजूला ठेवली आणि एक डबा उचलला. “याला झाकणच नाही.”

“सापडेल ना.”

“बरं, हे झाकण. याला डबा नाही.”

“त्याचाही सापडेल.”

“हे दोन्ही एकमेकांना...”

“नाही बसत. बघितलंय मी.”

मग काकांनी पंख्याचं एक सुटं पातं दाखवलं. काकू म्हणाल्या, बाकीची पाती शोधतेय, ती मिळाली की पंखा होईल. बुड गेलेली बादली दाखवली. काकू म्हणाल्या, तिची कडी चांगली आहे. जुन्या कुकरची शिट्टी दाखवली. कुकर स्वतः कधीच भंगारात गेला होता. शिट्टी मात्र काकूंनी भंगारवाल्याच्या हातून परत घेतली होती. प्रत्येक वस्तूला शेवटी तोच निकाल मिळत होता. “असू दे. कधीतरी लागेल.”

थोडक्यात, जगात नको असलेली वस्तू म्हणून काही असते, हेच काकूंना मान्य नव्हतं. काका वरच्या पायरीवर बसले. हार मानायची वेळ आली की ते बसून घेत. लोकांना वाटे दमले, पण त्यांचं डोकं बसल्यावरच चालत असे.

“अगं, मला शिल्प करायचंय. परीक्षेचं.”

“कोणाचं?”

“तुझं.”

काकूंची भुवई खाली आली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांचा साधा फोटोसुद्धा काकांनी नीट काढला नव्हता. दर वेळी डोकं कापलं जायचं.

“माझं? या छत्रीचं?”

“छत्रीच्या तारा म्हणजे बोटं. लांबसडक. पातं म्हणजे खांदा. आणि ही शिट्टी म्हणजे... नाक.”

“माझं नाक कुकरच्या शिट्टीसारखं आहे?”

“आकाराने नाही गं. अर्थाने.”

(अर्थ काय, ते सांगायला ते थांबले नाहीत. असं शहाणपण त्यांना पहिल्यांदाच सुचलं होतं.)

त्यांनी घाईघाईने तोडगा काढला. एका वस्तूला एक वस्तू. काकू जी वस्तू देतील तिचं काम करणारी दुसरी वस्तू काका स्वतःच्या हाताने मातीची घडवून, भाजून, वर चकचकीत ग्लेझ चढवून आणून देतील. म्हणजे जुनी वस्तू आपोआपच नको असलेली होईल आणि कॉलेजचा नियमही पाळला जाईल. खात्यात असले तोडगे काढण्यात त्यांचा हातखंडा होता.

“बघू,” काकू म्हणाल्या. म्हणजे हो म्हणाल्या.

पुढचा महिना घरात सिरॅमिकचं राज्य आलं. छत्रीच्या बदल्यात साबणदाणी आली. (छत्री आणि साबणदाणीचा संबंध काय, असं घरात राहणाऱ्या सासूबाईंनी, म्हणजे काकूंच्या आईंनी, विचारलं, तेव्हा काका म्हणाले, दोन्हींचा पाण्याशी संबंध आहे.) साबणदाणी सुरेख निळी होती, फक्त तिला पाणी जायला भोक ठेवायचं राहिलं होतं. दोन दिवसांत साबणाचं तळं झालं आणि अंघोळीला जाणारा माणूस साबण घेण्याऐवजी साबणात बोट बुडवू लागला.

बादलीची कडी शिल्पाला कानातलं म्हणून गेली, तेव्हा घरातल्या वापरातल्या बादलीला काकांनी चिनी मातीची जाडजूड मूठ बसवून दिली. मूठ मजबूत होती, त्यात वाद नाही. पण ती बादलीपेक्षा वजनदार झाली आणि रिकामी बादली जमिनीवर ठेवली की मुठीच्या बाजूला कलंडून झोपायची.

डब्याला झाकण करायचं, हे काम काकांनी फूटपट्टी घेऊन केलं. तोंडाचं माप घेतलं, दोनदा तपासलं, मातीचं झाकण ओलं असतानाच डब्यावर बसवून पाहिलं. चपखल बसलं. भाजून घरी आणलं, काकूंना आणि सासूबाईंना समोर बसवलं आणि समारंभाने डब्यावर ठेवलं. ते टणकन डब्याच्या तळाशी गेलं.

“अहो काका, माती भाजली की आकसते,” मॅडम दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. “पहिल्या महिन्यात शिकवलंय.”

काकांनी ईर्षेने दुसरं झाकण मोठं केलं. ते इतकं मोठं झालं की डब्यासकट शेजारची बरणीही त्याखाली मावली. काकूंनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. “असू दे,” त्या म्हणाल्या. “याचाही डबा सापडेल.”

एकच वस्तू खरोखर उपयोगी पडली. काकांनी मोठ्या हौसेने भिंतीवरची खुंटी केली होती. ती पहिल्याच टॉवेलला खाली आली, पण फुटली नाही. फरशीचा टवका उडवून शांत पडून राहिली. तेव्हापासून वाऱ्याने आपटणारं पुढचं दार अडवायला सगळे तीच लावतात.

शिल्प मात्र वाढत होतं. धडाला काकांनी एक मोठं मडकं केलं होतं, या वेळी पोकळ. ते भट्टीत एका बाजूला तडकलं, पण उभं राहिलं. चेहऱ्यावर त्यांनी जीव ओतला. रोज संध्याकाळी काकू टीव्ही बघत असताना ते समोर बसून त्यांच्याकडे बघायचे. आधी काकूंना संकोच वाटला, मग राग आला, मग सवय झाली. आणि बघता बघता काकांच्या लक्षात आलं की या बाईच्या गालावर एक बारीक खळगा आहे आणि तो आपण आजवर पाहिलाच नव्हता. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. चेहरा भट्टीतून बाहेर आला तेव्हा माती एका अंगाला जास्त आकसली होती आणि डावी भुवई कायमची वर गेली होती. मॅडम म्हणाल्या, दोष आहे, दुसरा करा. काका म्हणाले, मॅडम, हीच आहे ती. दुसरा करणार नाही.

चेहरा धडावर बसला, पण शिल्प काही केल्या उभं राहीना. दर सकाळी गॅलरीत ते एका कुशीवर पडलेलं सापडायचं. काकांनी दोऱ्या बांधल्या, विटा लावल्या, शेवटी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून स्वतः टेकू देऊन बसले. सासूबाई नवी काठी टेकत आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“जावईबापू, तुमच्या या बाईला कणाच नाही.”

“तेच तर शोधतोय, आई.”

“माझ्या मुलीला कणा आहे.”

त्या आत गेल्या आणि जुनी काठी घेऊन आल्या. ती सासऱ्यांची काठी. मुठीशी चिरलेली, पण सासूबाई ती कोणाला हात लावू देत नसत. चालायला नवी, आणि खुर्चीत बसल्यावर मांडीवर धरायला जुनी. “परीक्षेपुरती देते,” त्या म्हणाल्या. “झाली की आणून द्यायची.” काकांनी काठी मडक्याच्या तड्यातून आत घातली आणि शिल्प ताठ उभं राहिलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं; ते त्यांनी मातीच्या हाताने पुसलं आणि मग दिवसभर डोळा चुरचुरला.

आता गंमत अशी की, जी वस्तू माळ्यावर वर्षानुवर्षं कोणी विचारली नव्हती ती शिल्पात गेल्यावर सगळ्यांना लागायला लागली. काकू छत्रीच्या तारांवर ओली फडकी वाळत घालू लागल्या. बोटं अशी छान फाकलेली होती की चिमट्यांचीही गरज पडेना. मडक्याचं पोट हवेशीर निघालं म्हणून त्यात कांदे गेले. आणि एके दिवशी नव्या कुकरची शिट्टी भांडी घासताना मोरीत गेली. (छत्रीची तार हवी होती, असं काकू म्हणाल्या. काकांनी पुन्हा बोट घालून पाहिलं. शिट्टी मिळाली नाही.) तेव्हापासून शिल्पाचं नाक रोज सकाळी कुकरवर जायचं आणि स्वयंपाक झाला की परत यायचं. कधी कधी ते घाईत कानाला लागलेलं असायचं.

“अगं, परीक्षक विचारतील,” काका काकुळतीला येऊन म्हणायचे. “एकेक वस्तू दाखवून विचारतील, ही घरात लागते का. तू फक्त ‘नाही लागत’ म्हणायचं.”

“खोटं बोलू?”

“खोटं कसलं त्यात?”

“कांदे ठेवलेत मी तिच्यात. रोज शिट्टी घेते. आणि परक्या माणसासमोर नाही म्हणू? मला नाही जमायचं.”

हेच तर काकांना ठाऊक होतं. काकू खोटं बोलत नसत. पाहुण्याला ‘राहा की’ म्हणत नसत, राहायला नको असेल तर. मेहुण्याच्या ऑफिसातली खुर्ची काकांना आताच पाठीला टोचू लागली होती.

परीक्षेच्या दिवशी सकाळी खाली छोटा टेम्पो येऊन उभा राहिला. दोन वर्गमित्र शिल्प उचलायला आले. चेहरा होता, बोटं होती, कणा होता. नाक नव्हतं. नाक गॅसवर होतं.

“दोन शिट्ट्या होऊ देत,” काकू म्हणाल्या. “तिकडून यायला उशीर होणार, आईला उपाशी ठेवू का?”

एक शिट्टी झाली. दुसरी होईना. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. काकांनी कुकरभोवती एक फेरी घातली. टेम्पोवाल्याने पुन्हा हॉर्न वाजवला, या वेळी लांबलचक. काकू आत कपडे बदलायला गेल्या होत्या. काकांनी गॅस बंद केला, फडकं हातात घेतलं, परमेश्वराचं नाव घेतलं आणि शिट्टी उचलली.

कुकरच्या तोंडातून जे निघालं ते थेट छतापर्यंत गेलं. फस्स असा आवाज आणि पेजेचं कारंजं. छतावर भात, दिव्यावर भात, दारात येऊन उभ्या राहिलेल्या सासूबाईंच्या चष्म्यावर भात. काकू धावत आल्या त्या नेमक्या छतावरून एक लगदा खाली यायच्या वेळेला. तो त्यांच्या डोक्यावर पडला. काकूंनी छताकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि भुवईसुद्धा उचलली नाही. तेव्हा काकांना कळलं की प्रकरण फार पुढे गेलंय.

“तुम्ही... येणार ना दोघी?” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. उत्तराची वाट न बघता, गरम नाक या हातातून त्या हातात नाचवत ते जिना उतरले.

कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्यांची कामं ओळीने मांडली होती. परीक्षक बाहेरून आलेले होते. जाड चष्म्याचे, सर्दीने बेजार आणि दर वाक्याला रुमाल काढणारे. काकांच्या शेजारी एका मुलाने मोटारसायकलच्या साखळीची आयाळ लावून आपल्या वडिलांचं डोकं केलं होतं. खरोखर अप्रतिम होतं. परीक्षकांनी मुलाच्या वडिलांना साखळी दाखवली.

“ही घरात लागत नव्हती?”

“अहो!” वडील साखळीला हात लावून ओरडले. “ही इथे आहे होय! मी आज सकाळपासून पोलिसांत जाऊ का, असा विचार करतोय!”

परीक्षकांनी नाक शिंकरलं. “बाद,” ते म्हणाले आणि पुढे सरकले.

आता ते काकांसमोर होते. त्यांनी चेहरा पाहिला, दोन पावलं मागे गेले, परत जवळ आले. “ही भुवई चांगली साधलीय.”

“भट्टीने साधली, साहेब,” काका म्हणाले. खोटं बोलणं त्यांनाही जमत नव्हतं. घराला लागलेली सवय होती.

“घरचं कोणी आलंय?”

मॅडमनी दाराकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. दार रिकामं होतं. परीक्षकांनी घड्याळ बघितलं, रुमाल काढला, ‘नसेल कोणी तर’ इथपर्यंत बोलले, आणि तेवढ्यात दारात नवी काठी टेकल्याचा आवाज आला. सासूबाई आत आल्या. मागून काकू. नवे कपडे, घट्ट मिटलेले ओठ आणि केसांत भाताचं एक शीत.

परीक्षकांनी एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा मातीच्या चेहऱ्याकडे. कोणाची ओळख करून द्यावी लागली नाही.

“बाई, एकेक विचारतो. खरं सांगायचं. हे पंख्याचं पातं घरात लागतं?”

काकूंनी पात्याकडे पाहिलं. बाकीची पाती अजून सापडली नव्हती. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. काका पेजेने ताठ झालेल्या शर्टात, हात मागे बांधून, साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहावं तसे उभे होते. एवढ्या वर्षांत त्या माणसाने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. माळ्यावरची एक मोडकी छत्री मागितली होती, तीही चोरून.

“नाही लागत,” काकू म्हणाल्या.

काकांना वाटलं, आपल्याला चुकीचं ऐकू आलं.

“या छत्रीच्या तारा?”

“नाही लागत.” एका तारेवर कालचं फडकं अजून वाळत होतं. काकूंनी ते शांतपणे काढून पर्समध्ये टाकलं.

“बादलीची कडी?”

“नाही.”

“शिट्टी? ही तर चांगली दिसतेय. अजून गरम आहे.”

मॅडमनी डोळे मिटले. घरी कुकर उघडा पडला होता, भात छताला होता, मोरीत गेलेली शिट्टी मोरीतच होती.

“नाही लागत,” त्या म्हणाल्या, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक आला.

परीक्षकांनी मडक्याच्या तोंडातून आत डोकावलं, हात घातला आणि एक कांदा बाहेर काढला. “हा शिल्पाचा भाग आहे?”

“कांदे लागतात,” काकू ठामपणे म्हणाल्या. काही झालं तरी मर्यादा होती. “ते मी परत नेणार आहे. मडकं नाही लागत.”

“आणि ही काठी?”

काकूंनी आईकडे पाहिलं. काका घाईघाईने पुढे झाले. “साहेब, ती काठी फक्त परीक्षे...”

“थांबा, जावईबापू.” सासूबाईंनी पुढे होऊन जुन्या काठीच्या चिरलेल्या मुठीवरून एकदा हात फिरवला. “हे पास झालं तर कुठे ठेवतात?”

“इथेच, आजी,” मॅडम म्हणाल्या. “कॉलेजच्या दाराशी. कायमचं.”

“माणसांची ये-जा असते तिथे?”

“दिवसभर.”

“मग नाही लागत मला,” सासूबाई म्हणाल्या. “आमच्या ह्यांना माणसांत उभं राहायची फार हौस. माझ्या मांडीवर पडून कंटाळले असतील.” आणि त्या नव्या काठीवर भार देऊन बाजूला झाल्या, कोणाकडेही न बघता.

परीक्षकांनी बराच वेळ रुमाल नाकाला लावून ठेवला. सर्दीमुळे असेल. मग त्यांनी मॅडमच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि मॅडम काकांकडे बघून हसल्या. मागे उभ्या असलेल्या मुलांनी, ज्यांच्या कपबश्या पाणघोड्याने नेल्या होत्या त्यांनीही, टाळ्या वाजवल्या. काकांनी खिशातून फाइलची दोरी काढली आणि पुन्हा खिशात ठेवली. आपल्या हातची वस्तू आता दाराशी उभी राहणार होती आणि लोक तिला अडखळणार होते. त्यांनी काकूंकडे पाहिलं. त्यांना खूप काही म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, “तुला नवी शिट्टी करून देतो. मातीची.”

“नको,” काकू झटकन म्हणाल्या. हे मात्र त्या अगदी सहज म्हणाल्या.

परीक्षक जायला निघाले होते. दाराशी थांबून ते मिश्कीलपणे म्हणाले, “म्हणजे बाई, आज तुमच्या घरातलं नको असलेलं सगळं बाहेर पडलं म्हणायचं.” आणि मग त्यांची नजर शिल्पाशेजारी उभ्या असलेल्या, कानामागे भाताचं शीत चिकटलेल्या फाइलकाकांवर गेली. “आणि हे?”

काकूंनी काकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, माळ्यावरून काढलेल्या छत्रीला पाहिलं होतं तसं, डब्याला पाहिलं होतं तसं. डावी भुवई हळूच वर गेली.

“हे असू देत,” त्या म्हणाल्या. “कधीतरी लागतात.”